नोझलचा सेट घेण्याआधी इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम जवळ आला की ऊस वाहतुकीच्या जुन्या ट्रकांच्या धुराबद्दल वाचकांची पत्रे येतात. तक्रार रास्त आहे. मात्र त्यावरचा सल्ला ‘मालकांनी नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारे भाग, बदलून घ्यावेत’ इथेच थांबतो आणि मालकही नेमके तेवढेच करतात. दसरा झाला की कुपवाड, मिरज, तासगाव, विटा, इस्लामपूर इथल्या वर्कशॉपांत गाड्यांची रांग लागते. नोझलचा सेट पडतो, गाडी चार दिवस बरी चालते, आणि फडातून भरून निघाली की पुन्हा काळा धूर सोडते. मग दोष नोझलला, नाहीतर मेकॅनिकला. आमच्या मते दोष बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असतो. इंजिनाची तब्येत न मोजता नोझलवर खर्च केला तर तो खर्च टिकत नाही.

हे पत्र मुख्यतः यांत्रिक डिझेल पंपाच्या गाड्यांबद्दल आहे. टाटाचे ६९७ (सहा सिलिंडर), कमिन्सचे सिक्स बीटी, लेलँडची हिनो इंजिने आणि छोट्या गाड्यांतले ४९७ ही त्यातली नेहमीची. गावातल्या वर्कशॉपात उघडता येतात, लॅपटॉप लागत नाही, म्हणून या गाड्या अजून रस्त्यावर आहेत.

सुरुवात धुराच्या रंगापासून करावी. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. सकाळी थंड इंजिनात तो थोडा वेळ दिसला तर चालते, पण गरम झाल्यावरही राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाणे) कमी आहे, टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडले आहे, किंवा हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून पाणी सिलिंडरात जाते आहे. निळा धूर ऑइलचा. रिंगा, व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचे सील यांपैकी काहीतरी गेलेले असते. निळ्या धुरावर नोझल बदलणारा मालकाचे पैसे वाया घालवतो.

दुसरी तपासणी पान्याने होते. इंजिन गरम करून आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवायचे आणि एकेका नोझलच्या प्रेशर पाइपचा नट अर्धा आटा सैल करायचा. इंजिन डगमगले, आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही तर तोच दुबळा. मग त्या सिलिंडरचा नोझल शेजारच्या सिलिंडरशी बदलावा आणि पुन्हा तपासावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागीच राहिला तर कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह किंवा पंपातले त्या लाइनचे एलिमेंट (डिझेल दाबणारी जोडी) बघावे लागेल. या तपासणीला दोन नवे तांब्याचे वॉशर सोडले तर खर्च नाही, तरी ती क्वचितच केली जाते. नट सोडताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि हात फवाऱ्यापासून लांब हवा.

नोझल बाहेर काढलेलेच असतात तेव्हा कॉम्प्रेशन मोजायला लागणारा वेळ फार नाही. त्यासाठी डिझेलचे गेज आणि त्या इंजिनाला बसणारा डमी नोझल लागतो, पेट्रोलचे गेज चालत नाही. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे नोझल बाहेर आणि पंपाचा स्टॉप लिव्हर ओढलेला, अशा स्थितीत सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहावा. किमान किती हवे ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते. पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. पाच सिलिंडर सारखे आणि एक बराच खाली असेल तर त्या एका सिलिंडरला टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणून कॉम्प्रेसरची हवा द्यावी आणि कान लावावा. हवा ब्रीदरमधून (इंजिनाची वाफ सोडणाऱ्या नळीतून) आली तर रिंगा-लायनर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लिनरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा हेडची चीर. एवढे कळल्यावर मालकाला ठरवता येते की या वर्षी नोझल-पंपावर भागेल की हेड उतरवायचे. हा निर्णय त्याने मेकॅनिकच्या अंदाजावर सोडू नये.

आता नोझलबद्दल. सुई आणि बॉडी ही जोडी कारखान्यातच एकमेकींत घासून बसवलेली असते आणि त्यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन एवढीच असते. म्हणून एका नोझलची सुई दुसऱ्यात कधीही घालू नये. नवा नोझल स्वच्छ डिझेलने धुऊन सुई एक तृतीयांश बाहेर ओढावी आणि सोडावी. ती स्वतःच्या वजनाने खाली घसरली पाहिजे. अडकली तर तो नोझल बसवू नका. बॉडीवर कोरलेला नंबर आणि पंपाच्या चार्टमधला नंबर जुळतो का हे मालकाने स्वतः बघावे. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या नोझलमध्ये छिद्रांची संख्या, आकार किंवा फवाऱ्याचा कोन वेगळा असतो. फवारा पिस्टनच्या खळग्यात पडण्याऐवजी त्याच्या काठावर किंवा लायनरवर पडला तर नवा नोझलही काळा धूर देतो.

नोझल टेस्टरवर (दाब देऊन नोझल तपासायच्या साधनावर) तीन गोष्टी बघायच्या. पहिली, उघडण्याचे प्रेशर. यांत्रिक नोझल साधारण १८० ते २५० बारच्या दरम्यान उघडतात, नेमका आकडा इंजिनागणिक ठरलेला असतो. वापराने स्प्रिंग बसते आणि हे प्रेशर उतरते. स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घालून ते वर आणतात. ०.०५ मिलिमीटरच्या शिमने सुमारे ५ बारचा फरक पडतो. सगळे नोझल एकाच आकड्यावर जुळले पाहिजेत, नाहीतर आयडलला इंजिन थरथरते. दुसरी, गळती. उघडण्याच्या प्रेशरपेक्षा २० बार कमी दाब धरून दहा सेकंद थांबावे, तेवढ्या वेळात टोकावरून थेंब पडता कामा नये. तिसरी, फवारा. सगळ्या छिद्रांतून सारखा, बारीक धुक्यासारखा आणि झटक्यात तुटणारा हवा. पिचकारी मारणारा किंवा शेवटी ठिबकणारा नोझल बाद. या टेस्टरच्या फवाऱ्याखाली बोट कधीही धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते. वरून फक्त टाचणीएवढा डाग दिसतो, पण आतले मांस मरते आणि बोट कापायची वेळ येते. असे झाले तर दुखत नसले तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाचे डिझेल हातात शिरले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. वर्कशॉपातल्या शिकाऊ पोरांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिले.

ठिबकणाऱ्या नोझलचे नुकसान धुरापुरते नसते. ते न जळलेले डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन काढते, रिंगा कोरड्या घासतात, आणि उरलेले डिझेल खाली चेंबरात उतरून ऑइल पातळ करते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला तर आनंद मानू नका. त्या पातळ ऑइलवर क्रँकची बेरिंगे फार दिवस तग धरत नाहीत. एका नोझलच्या दुरुस्तीत कसर केली तर पुढे पूर्ण इंजिनाचे काम निघते ते असे. नोझल बसवल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलावा. हा खर्च टाळून पुढे परवडत नाही.

बसवण्यात सगळ्यात जास्त चूक होते ती वॉशरची. जुना तांब्याचा वॉशर हेडच्या भोकातच चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसतो. दोन वॉशर झाले की नोझलचे टोक तेवढे वर राहते, फवारा खळग्यात पडत नाही, आणि वॉशरच्या बाजूने कॉम्प्रेशन फुटून नोझल भाजून निघतो. म्हणून काढलेले वॉशर मोजावेत. सहा नोझल, सहा जुने वॉशर हातात आले पाहिजेत. भोकातला कार्बन ब्रशने काढावा आणि नोझल बसवण्याआधी इंजिन सेल्फवर दोन-चार फेरे फिरवावे, म्हणजे आत पडलेला चुरा बाहेर उडतो. वॉशर नेहमी नवा आणि त्याच जाडीचा. क्लॅम्पला दोन नट असतील तर दोन्हीकडे थोडे थोडे, आळीपाळीने आवळावे. एका बाजूने ओढला तर होल्डर तिरका बसतो आणि सुई अडकते. टॉर्क पाना वापरावाच. ‘हाताला कळते’ हे म्हणणे इथे चालत नाही. सिक्स बीटीत नोझलच्या नटाला ६० न्यूटन-मीटर लागतात, बाकीच्या इंजिनांचे आकडे वेगळे आहेत.

प्रेशर पाइप एका लांबीचे असतात, ते मुद्दाम. बसत नाही म्हणून वाकवू नयेत, अदलाबदल करू नयेत आणि त्यांचे क्लॅम्प फेकून देऊ नयेत. क्लॅम्प नसलेला पाइप थरथरून कोनापाशी तडकतो. काम चालू असताना पंपाची आणि पाइपांची उघडी तोंडे टोप्यांनी बंद ठेवावीत. बोळा कोंबू नये, कारण त्याचा एक धागाही नव्या नोझलचे छिद्र बंद करायला पुरतो.

एअर काढताना घाई नको. फीड पंपाच्या हँड प्रायमरने आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा स्क्रू, बुडबुडे थांबेपर्यंत. त्यानंतर नोझलकडचे नट सैल ठेवून सेल्फ मारावा आणि डिझेल आले की एकेक आवळत जावे. सेल्फ एका वेळी पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये दोन मिनिटे थांबावे. एअर वारंवार धरत असेल तर प्रायमरला दोष देण्याआधी टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप बघा. तिथे डिझेल गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून खूण दिसत नाही.

नोझल बदलले आणि पंप तसाच ठेवला, हे अर्धेच काम. जुन्या पंपात एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह झिजलेले असतात. गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा पटकन सुरू होत नाही, थंड झाल्यावर होते, ही एलिमेंटच्या झिजेची खूण आहे, कारण गरम पातळ डिझेल झिजलेल्या फटीतून मागे निसटते. पंप टेस्ट बेंचवर (पंप फिरवून तपासायच्या यंत्रावर) लावून प्रत्येक लाइनची डिलिव्हरी मोजायची असते, आयडलला वेगळी आणि पूर्ण वेगाला वेगळी. त्याचा कागद मागून घ्यावा. कागद न देणाऱ्याकडे पंप टाकू नये. पंप परत चढवताना टायमिंग फ्लायव्हील किंवा पुलीच्या खुणेवर, पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, स्पिल पद्धतीने (पंपाच्या तोंडातून वाहणारे डिझेल थांबते तो क्षण पकडून) लावावे. डोळ्याने ‘जुन्या खुणेला खूण’ पुरेशी नाही, कारण टायमिंग गिअर झिजलेले असतात. टायमिंग पुढे गेले तर कुंभार्ली चढताना इंजिन ठोकते आणि पिस्टनचा माथा जळतो, मागे राहिले तर गाडी ओढत नाही आणि तापते.

एक विनंती कळकळीने. पंपाचा फुल लोडचा (जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) स्क्रू वाढवून ‘पिकअप काढून’ घेऊ नका. सीलबंद स्क्रू फिरवल्याने डिझेल वाढते, हवा तेवढीच राहते. काळा धूर, जळलेले पिस्टन आणि टर्बोची वाट, तिन्ही एकाच स्क्रूतून येतात. ओव्हरलोड भरलेल्या गाडीला ताकद कमी पडते म्हणून हे केले जाते, आणि धुराची निम्मी तक्रार इथूनच निघते असे आमचे स्पष्ट मत आहे.

उरलेली निम्मी हवेची. फडातल्या पायवाटा, पाचटाचा भुसा, काळ्या मातीची धूळ यांत एअर फिल्टर किती लवकर भरतो हे ऊस वाहतुकीतल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. भरलेल्या फिल्टरने धूर होतो, पण फाटलेल्या फिल्टरने किंवा क्लिनर आणि टर्बोमधल्या तडकलेल्या रबरी पाइपने इंजिन मरते. तिथून शिरलेली धूळ ऑइलमध्ये मिसळून लायनर आणि रिंगा पॉलिश पेपरसारख्या घासते. नवीन रिंगा टाकून हा पाइप जुनाच ठेवला तर एक हंगामही निघणार नाही. पाइप आतून हात फिरवून बघा. आतल्या भिंतीला धुळीची पट्टी लागली असेल तर गळती आहेच. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पाचटही याच वेळी मागून पाण्याने काढावे.

हेड उतरवायचेच ठरले तर नुसत्या रिंगा टाकून भागवू नये. रिंगेची फट लायनरमध्ये रिंग पिस्टनने सरळ बसवून फिलर गेजने मोजावी. लायनर वरच्या भागात, जिथे वरची रिंग थांबते, तिथे जास्त झिजतो, त्यामुळे मोजमाप वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही जागी घ्यावे. काठाला नखाला लागेल अशी पायरी असेल तर नवी रिंग त्यावर आदळून तुटते. ओल्या लायनरचा माथा ब्लॉकच्या वर किती उठतो हे डायल गेजने बघावे. तो ठरल्यापेक्षा कमी असेल तर नवे पॅकिंगही पाणी धरणार नाही. टॅपेटची (व्हॉल्व्हच्या माथ्यावरची) फटही इंजिन बघून लावावी. सिक्स बीटीत इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर, तेही थंड इंजिनात. तोच आकडा ६९७ ला लावणे चूक आहे.

डिझेलबद्दलही लिहायला हवे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये सल्फर १० पीपीएमपेक्षा जास्त नसते. चांगले आहे, पण पूर्वीच्या डिझेलमध्ये पंधरा-वीस वर्षे फुगून बसलेली रबरी सील नव्या डिझेलमध्ये आकसू शकतात आणि पंप अचानक ओलसर दिसू लागतो. त्यामुळे पंप उघडला की ओरिंग आणि सील नवेच टाकावेत, रिटर्न लाइनचे रबरही. रॉकेल मिसळणे मात्र पूर्ण बंद करा. पंपातल्या एलिमेंटला वेगळे ऑइल नाही, त्याचे वंगण म्हणजे डिझेलच. रॉकेलने ते वंगण जाते आणि एलिमेंट घासले जाते.

एप्रिल ते ऑक्टोबर गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून उभी करा. अर्ध्या टाकीत पावसाळ्यात पाणी साचते, गंज धरतो, त्या पाण्यात शेवाळासारखा चिकटा होतो आणि सुया अडकतात. हंगामाआधी टाकीचा तळ मोकळा करून पाणी-गाळ काढावा, दोन्ही डिझेल फिल्टर बदलावे आणि सेडिमेंटरचे (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचे) पाणी रोज सोडावे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या अनेक गाड्या पाण्यात होत्या. पुन्हा तशी वेळ आली तर पाणी लागलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. आधी नोझल काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, ऑइल आणि डिझेल पूर्ण बदला, मगच पुढचे. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ज्यांच्या गाड्या कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरच्या नियंत्रणाने एकाच दाबनळीतून डिझेल देणाऱ्या) आहेत त्यांनी वर सांगितलेली नट सैल करण्याची तपासणी अजिबात करू नये. तिथले प्रेशर हजार बारच्या वर जाते. रिटर्नचे डिझेल बाटल्यांत मोजून नोझल ओळखतात आणि पुष्कळ गाड्यांत नव्या नोझलचा कोड ईसीएममध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. ते काम ज्याच्याकडे साधने आहेत त्याच्याकडेच द्यावे.

पीयूसीच्या बाबतीत, बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराची दाटी मोजायचे एकक) आहे, बीएस-४ ला ५०. चाचणी इंजिन पूर्ण गरम करून आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून होते, म्हणून थंड गाडी नेऊन ‘नापास झाली’ म्हणण्यात अर्थ नाही. चाचणीपुरता स्क्रू मागे घेऊन नंतर पुन्हा वाढवणे थांबले पाहिजे, आणि परिवहन विभागाने फडाच्या रस्त्यावर, भरलेल्या गाड्यांची तपासणी करावी ही आमची मागणी आहे. साखर कारखान्यांनीही वाहतुकीचे करार करताना टेस्ट बेंचचा कागद मागावा.

हे सगळे जुलै-ऑगस्टमध्ये करून घ्यावे, दिवाळीच्या आठवड्यात नाही. आणि बिलात ‘नोझल काम’ एवढेच लिहिलेले स्वीकारू नये. नोझलचा नंबर, प्रत्येकाचे उघडण्याचे प्रेशर, सिलिंडरवार कॉम्प्रेशन, पंपाची डिलिव्हरी, बदललेली सील आणि वॉशर, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. जुने पार्ट पिशवीत घालून परत मागावेत. पुढच्या वर्षी गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे गेली तरी त्याला कुठून सुरुवात करायची ते या कागदावरून कळेल.

आपले,
डिझेल पंप व इंजिन दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक,
कुपवाड, जि. सांगली